जांगडावरची दोन यंत्रे

“सर, त्या दोन्हीतली चांगली कोन्ती हुती?” हा प्रश्न पुंजारामबापूंनी मला विचारला तेव्हा त्यांचा उजवा हात त्यांच्या मांडीवर पडलेला होता, कुणी दुसऱ्याने आणून ठेवावा तसा. प्रश्न दोन यंत्रांविषयी होता. झोपेत ज्यांचा घसा मिटतो आणि श्वास वारंवार अडतो, अशा माणसांच्या नाकातोंडावर मुखवटा बांधून रात्रभर हवेचा हलका दाब देणारी ही यंत्रे. डॉक्टर त्यांना सीपॅप म्हणतात. बापूंनी अशी दोन यंत्रे एकामागून एक घरी आणली, दोन्हींना सारखी वागणूक दिली, सारखेच दिवस ठेवले आणि दोन्ही परत केली. या तुलनेइतकी निःपक्षपाती तुलना मी दुसरी पाहिलेली नाही. ती व्यर्थ का ठरली, हे समजण्यासाठी घोडेगावचा म्हशींचा बाजार आणि साळव्यांचे घर या दोन्ही गोष्टी थोड्या तपशिलाने सांगणे भाग आहे.

पुंजाराम साळवे हे घोडेगावच्या बाजारातले दलाल. त्यांचे आजोबा भिमाजी यांच्याकडे गावगाड्याने मेलेली जनावरे ओढण्याचे काम लावून दिलेले होते. १९५६ साली दीक्षा घेऊन आल्यावर भिमाजींनी तो दोर खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. त्यानंतर कित्येक वर्षे या घरातल्या कुणी मेलेल्याच काय, जिवंत जनावरालाही हात लावला नाही. मग भिमाजींचा मुलगा, म्हणजे बापूंचे वडील भागवत, बाजारात शिरले ते राखणदार म्हणून. विकली न गेलेली जनावरे दुसऱ्या दिवसापर्यंत सांभाळायची, त्यांना वैरण टाकायची, एवढेच त्यांचे काम. राखता राखता त्यांना म्हशी कळू लागल्या. एका मुसलमान व्यापाऱ्याने एके दिवशी त्यांचा हात आपल्या उपरण्याखाली घेतला आणि त्या दिवसापासून भागवत दलाल झाले.

उपरण्याखालचा हात ही या बाजारातली जुनी रीत. तिला हत्ता म्हणतात. विकणारा, घेणारा आणि दलाल उकिडवे बसतात. हातांवर उपरणे टाकले जाते आणि त्याखाली बोटे व बोटांची पेरे दाबून भाव सांगितला जातो. वर तोंडाने मात्र पाऊसपाणी, सोयरीक, कुणाच्या तरी मुलाची नोकरी असे काहीही चाललेले असते. मूठ आवळली की सौदा पक्का. बोटे सैल सोडली की सौदा मोडला, आणि मोडलेला सौदा त्या दिवशी पुन्हा जोडायचा नाही, असा दंडक. साक्षीला कागद नसतो. जे घडते ते दोन तळव्यांच्या मध्ये घडते. ज्या घराची सावली एके काळी टाळली जात असे, त्या घरातला हात गावोगावचे पाटील-पुढारी कापडाखाली निमूटपणे धरून बसत, या गोष्टीचा उच्चार बापूंनी माझ्यापाशी कधी केला नाही. त्यांनी एवढेच सांगितले होते, की बाजाराच्या दिवशी सकाळी ते उजव्या हाताने भाकरी मोडत नाहीत, चमच्याने खातात. हाताला चिकटपणा राहिला तर बोटांचे बोलणे नीट कळत नाही.

दोन हजार बावीसच्या हिवाळ्यात हा हात झोपला.

कोल्हारचे काकासाहेब हे बापूंचे जुने गिऱ्हाईक. प्रवरेकाठी त्यांचा गोठा आहे आणि दरवर्षी दुसऱ्या वेताच्या दोन-तीन म्हशी ते बापूंच्या हातूनच घेत. त्या दिवशी दोन म्हशींवर त्यांचे मन बसले होते. सौदा जवळजवळ जुळत आला होता. काकासाहेबांचे बोट बापूंच्या तिसऱ्या बोटावर होते, आणि बापूंची पकड सुटली. रीतीप्रमाणे काकासाहेब उठले. शेजारी टपून बसलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याने तिथेच बसकण मारली आणि दोन्ही म्हशी नेल्या. बापूंची मान छातीवर आलेली सगळ्यांना दिसली ती यानंतर. काकासाहेब रागावले नाहीत. माणूस मोकळा, हसून म्हणाले, “बापू, तुमचा हात घोरतोय.”

हे वाक्य बाजारभर झाले. चहाच्या टपरीवर, टेम्पोत जनावरे चढवताना, पाण्याच्या हौदापाशी लोक ते एकमेकांना सांगत. बापू बसले की कुणीतरी म्हणे, हात जागा हाय ना? थट्टेत विखार नव्हता. पण थट्टेनंतर लोक हात पुढे करण्याआधी क्षणभर थांबू लागले. बापूंना तो क्षण कळत होता. त्यांचे सगळे आयुष्य असे क्षण ओळखण्यातच गेले होते. पुढच्या काही बाजारांत आणखी एकदा तसेच झाले, आणि त्यांच्यापुढे बसणाऱ्यांची संख्या कमी झाली.

घरात ही गोष्ट वेगळ्या रूपात फार आधीपासून माहीत होती. बापूंचे घोरणे हा वस्तीवरचा जुना विनोद. पाहुणे मुक्कामाला आले की त्यांचे अंथरूण बापूंच्या पत्नी भागिरथीबाई मुद्दाम गोठ्याकडच्या बाजूला टाकत आणि म्हणत, म्हशी बऱ्या, त्या निदान रवंथ करून गप्प बसत्यात. त्या स्वतः मात्र घोरण्याने कधी जाग्या राहिल्या नाहीत. त्यांना जागे ठेवले ते घोरणे थांबण्याने. आवाज एकदम तुटे, छाती हलत राही, पण हवा आत जात नसे. मग बुडालेला माणूस वर यावा तसा एक हिसका आणि पुन्हा घोरणे. “घोरनं परवडलं सर,” त्या मला म्हणाल्या होत्या, “ते थांबलं की मी माजा बी श्वास धरून बसायचे.”

त्यांची मुलगी शुभांगी नगरला मी शिकवतो त्याच शाळेत शिकवते. वडील बाजारात झोपतात हे तिला काकासाहेबांकडून कळले, आईकडून नव्हे. ती येऊन बापूंना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, मानेचा घेर मोजला, आणि एक रात्र दवाखान्यात झोपवून तपासणी केली. रात्रीचा पहिला अर्धा भाग नुसत्या तारा लावून, आणि नंतर मुखवटा बांधून, यंत्राचा दाब हळूहळू वाढवत. निदान स्पष्ट होते. श्वास तासातून कित्येकदा अडत होता. रक्तदाब त्यामुळेच आवरत नव्हता. डॉक्टरांनी सांगितले की हे यंत्र रोज आणि रात्रभर वापरायचे. न वापरल्यास हृदयाला किंवा मेंदूला धोका आहे. मेंदूचा धोका म्हणजे काय, असे बापूंनी विचारले. अर्धे अंग जाऊ शकते, डॉक्टर म्हणाले.

पण बापूंच्या मनावर उमटला तो धोका नव्हे, ती सकाळ. दवाखान्याच्या गच्चीवर ते दात घासायला गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. शुभांगी पाहायला गेली तर ते कठड्याशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते. “डोस्कं धुतल्यागत झालंय,” ते तिला म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “मान्सं रोज अशीच उठत्यात का काय?” वयाच्या साठीत त्यांना हे नव्याने समजले होते. पुढे जे घडले त्यात या एका सकाळचा वाटा मोठा आहे. घरी आणलेल्या यंत्रांना त्यांनी जी कसोटी लावली ती याच सकाळची होती.

पैशांचा प्रश्न नव्हता, हे नमूद केले पाहिजे. शुभांगीची तयारी होती आणि बापूंचीही. प्रश्न निवडीचा होता. अशी यंत्रे पुरवणाऱ्या एका दुकानाचा कल्याण नावाचा प्रतिनिधी होता. त्याने दोन प्रकार समोर मांडले. पहिले यंत्र साधे. डॉक्टरांनी ठरवून दिलेला दाब ते रात्रभर तेवढाच ठेवते. दुसरे स्वयंचलित. श्वासाचा अडथळा जाणवेल तसा ते दाब वाढवते, मार्ग मोकळा झाला की उतरवते. दोहोंना हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी होती, आणि वापराची नोंद ठेवणारी एक छोटी चिप. पहिले दणकट, दुसऱ्याचा आवाज कमी. वस्तीवर रात्री वीज जाते म्हणून दोन्हींना बॅटरी जोडता येईल, असेही त्याने सांगितले. मग त्याने बापूंच्या चेहऱ्यावर मुखवटा चढवला आणि पट्ट्या ओढून घट्ट केल्या. मिशी थोडी कमी केली तर मुखवटा अधिक चांगला बसेल, असे तो अदबीने म्हणाला. भागिरथीबाईंनी पदर तोंडाला लावला. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती मिशी कुणाच्याच सांगण्याने खाली आली नव्हती.

दोन्ही यंत्रे आठवडा-आठवडा घरी नेऊन पाहा, ट्रायल घ्या, पटेल ते ठेवा, असे कल्याणने सुचवले. बापू म्हणाले, “म्हंजी जांगडावर.” कल्याणच्या वडिलांचे कापडाचे दुकान होते, त्यामुळे त्याला शब्द माहीत होता. हो म्हणाला तो. माल पसंत पडेपर्यंत नेणाऱ्याच्या ताब्यात आणि देणाऱ्याच्या मालकीचा राहतो, एवढाच त्या शब्दाचा अर्थ कापडाच्या दुकानात असतो. म्हशींच्या बाजारात तो एवढ्यावर थांबत नाही.

घोडेगावात जांगडावर नेलेल्या म्हशीला कसे वागवायचे याचे संकेत आहेत आणि बापू त्यांचे कडवे पाईक होते. परक्या म्हशीची म्होरकी सैल बांधायची, नाकाडावर दोराचा वण उठता कामा नये. धार काढून पाहायची, पण कास पूर्ण रिती करायची नाही, थोडे दूध सडात राहू द्यायचे. तिला आपल्या दावणीची सवय लावायची नाही. आणि परत करायची झाली तर धुऊन, पुसून, नेली होती त्याहून चांगली करून आणायची. वांबोरीकडच्या एका माणसाने पूर्वी एक म्हैस परत आणली तेव्हा तिच्या नाकाडावर केस घासलेला पट्टा होता. बापूंनी त्याच्याशी भांडण केले नाही. फक्त त्या माणसाचा हात पुन्हा कधी उपरण्याखाली घेतला नाही.

घराची स्वतःची रीत याहून कडक होती. भागिरथीबाईंच्या सासूने त्यांना नांदायला आल्याबरोबर शिकवले होते, की शेजारून आणलेले भांडे परत करताना दोनदा घासायचे. हे घरात का सांगावे लागे, ते आज कुणी बोलत नाही. भांडी अजून दोनदा घासली जातात.

पहिले यंत्र आले ते बापूंनी भिंतीशी, स्वच्छ धुतलेल्या पाटावर ठेवले. मुखवटा आपल्या घामाने, तेलाने, मिशीने डागाळू नये म्हणून भागिरथीबाईंनी जुन्या धोतराचा मऊ तुकडा शिवून दिला. तो चेहऱ्यावर ठेवायचा आणि वर मुखवटा. पट्ट्या सैल. टाकीत पाणी घालायचे नाही, कारण वस्तीवरच्या बोअरचे पाणी क्षाराचे, पांढरा डाग धरते. आणि थोडा वेळ लावून झाला की काढून ठेवायचे, रात्रभर राबवायचे नाही. परक्या जनावराची धार काढावी, पण कास रिती करू नये, तसे. यातले काहीही अज्ञानाने झाले नव्हते. कल्याणने काय सांगितले ते त्यांच्या पूर्ण लक्षात होते. ते सांगणे यंत्राच्या मालकाने पाळायचे आहे, आपण अजून मालक नाही, अशी त्यांची समजूत होती.

हवा अर्थातच फडक्याच्या कडेने बाहेर जात राहिली. डोळ्यांवर येई, मिशीत फुरफुरे, घसा कोरडा पडे. “लई फुसफुसती,” भागिरथीबाई म्हणाल्या. बापूंनी तिची, म्हणजे यंत्राचीच, बाजू घेतली. नवी जागा आहे, बुजली असेल, पहिल्या दिवशी कुठले जनावर पान्हा सोडते? पुढचे दिवसही तसेच गेले. सकाळ जुनीच आली, जड डोक्याची.

दुसरे यंत्र आले. तोच पाट, तेच फडके दुसऱ्यांदा धुऊन, त्याच सैल पट्ट्या, तेवढाच वेळ. एकीला पेंड आणि दुसरीला नुसता कडबा घालून कुणी म्हशींची परीक्षा करत नाही, हे त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. स्वयंचलित यंत्र हवा कुठे जाते आहे हे न कळल्यासारखे चढे, उतरे, पुन्हा चढे. बापूंनी पहिलीला ‘ठोंबी’ आणि दुसरीला ‘बुजरी’ अशी नावे ठेवली होती. बाजारात चहा घेताना ते या दोघींचे गुणदोष इतक्या गांभीर्याने सांगत की ऐकणाऱ्याला वाटे, दोन म्हशीच दारात बांधल्या आहेत. त्या आठवड्यात आपल्या हाताची थट्टा विसरली जावी अशी त्यांची आशा त्या बोलण्यातून दिसे. काकासाहेब म्हणाले, बापू, जी घ्याल तिचं दूध आम्हांलाबी पाठवा. बापू हसले.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी निर्णय घेतला. दोन्ही नकोत. कारण त्यांनी मला पुढे सविस्तर सांगितले. दवाखान्यातल्या यंत्राने जी सकाळ दिली ती या दोघींपैकी एकीनेही दिली नव्हती. तेव्हा दवाखान्यातले यंत्र वेगळ्या जातीचे असले पाहिजे. बाजारात विकायला आणलेल्या म्हशीची धार आदल्या वेळेला काढत नाहीत, कास तुंबवतात. दाराशी आल्यावर खरे दूध कळते. शहरातले दुकानदार याहून वेगळे कशावरून असतील? आयुष्यभर ज्या सावधपणाने त्यांनी गिऱ्हाइकांना फसू दिले नाही, तोच सावधपणा इथेही चालला होता.

यंत्रे परत करताना ते स्वतः नगरला गेले. कल्याणने खोका उघडला. मुखवटा नव्यासारखा, नळी पुसलेली, टाकी कोरडी, पट्ट्यांवर वापराची सुरकुतीही नाही. त्याने विचारले, तुम्ही हे वापरले ना नक्की? बापूंना हा प्रश्न प्रशस्तीसारखा वाटला. “जशी नेली तशी आनली,” ते म्हणाले. त्या एका वाक्यात त्यांच्या दोन पिढ्यांची कमाई होती, असे मला वाटते.

चिपमधली नोंद काही दिवसांनी शुभांगीच्या मोबाईलवर आली. दोन्ही यंत्रांच्या आलेखात गळती जवळजवळ सारखी होती, आणि वापर इतका तोकडा की तुलना करता येत नाही असा शेरा. ती शिक्षिका आहे; न सोडवलेली उत्तरपत्रिका तिला ओळखता येते. तिने तिथल्या तिथे फोन केला. त्या वेळी मी योगायोगाने वस्तीवर बसलो होतो. बापूंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, कारण मोबाईल कानाला लावून बोलणे त्यांना कधी जमले नाही.

“बापू, मास्क सैल होता,” ती म्हणाली.

“सैलच बांदायचा असतो. परकं हाय ते.”

मग ती म्हणाली, “मग आपण आधी विकत घेऊ. आपलं झालं की घट्ट बांधाल ना?”

“परीक्षेबिगर खुंट्याला बांदू? दुसऱ्याला शिकवतो मी, आन् आपल्याच दारात तसं करू?”

“परीक्षा झालीच नाही बापू.”

“मंग पुन्यांदा आनू जांगडावर,” ते म्हणाले.

यातून सुटका नव्हती. मालकीशिवाय घट्ट बांधता येत नव्हते, घट्ट बांधल्याशिवाय परीक्षा होत नव्हती, आणि परीक्षेशिवाय मालकी पत्करणे त्यांच्या धंद्याच्या धर्मात बसत नव्हते. शुभांगी रागावली, रडली. शेवटी बापू तिच्यासाठी म्हणून राजी झाले: पोळा झाला की कुठलेही एक आणू, न बघता. पोळ्याआधीचा बाजार मोठा असतो, त्यात गेलेले नाव परत मिळवायचे होते. दिवसा झोप येऊ नये म्हणून ते तंबाखूचा बार दाढेखाली धरून बसत, आणि कुणाशीही हत्ता करण्याआधी डाव्या हाताने स्वतःच्या मांडीला चिमटा घेत. दोन-तीन सौदे त्यांनी असे निभावले. रात्री भागिरथीबाई आपल्या जागी बसून राहत होत्या, श्वास धरून.

दोन हजार तेवीसला अधिक श्रावण आला. पोळा महिन्याने लांबला.

त्या वाढीव महिन्यानंतर, पोळा यायच्या आधीच, एका सकाळी बापू उठले तेव्हा त्यांना चहाची कपबशी धरता येईना. तोंड एका बाजूला ओढले होते. नगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत उजवा हात पूर्ण गेला होता, पाय निम्मा. बोलणे पुढे बरेच परत आले, पायही काठीवर येण्याइतका आला. हात आला नाही.

दवाखान्यातून सुटण्याच्या दिवशीच शुभांगीने यंत्र विकत घेतले. कल्याणकडे त्या दिवशी स्वयंचलित यंत्र तयार होते म्हणून ते आले. बापू ज्याला बुजरी म्हणत तेच. आता मुखवटा भागिरथीबाई बांधतात. फडके नाही. टाकीत गाळून उकळलेले पाणी असते. मिशी त्यांनीच कात्रीने उतरवली, आणि बापूंनी मान हलवली नाही. “आता आवळून बांदते,” त्या मला म्हणाल्या, “आता आपली हाय.” गालांवर पट्ट्यांचे वण दुपारपर्यंत दिसतात.

यंत्राने आपले काम केले. बापूंना रोज ती सकाळ येऊ लागली, दवाखान्याच्या गच्चीवर आली होती ती. डोके धुतल्यासारखे, डोळे स्वच्छ. दिवसभर त्यांना डुलकी येत नाही. अंगणात खुर्चीवर ते पूर्ण जागे बसून असतात आणि शेजारच्या गोठ्यातली कोणती म्हैस माजावर आली आहे हे आवाजावरून सांगतात. असे जागे असणे त्यांच्या आयुष्यात पूर्वी कधी नव्हते. मात्र त्या जागेपणाला हात राहिलेला नव्हता.

दोन हजार चोवीसच्या हिवाळ्यात ते एकदा बाजारात गेले. मी सोबत होतो. लोकांनी जागा करून दिली, चहा आणला, तब्येतीची चौकशी केली. कोल्हारचे काकासाहेब आले आणि समोर उकिडवे बसले. विकणाऱ्यालाही त्यांनी खुणेने बसवले. मग त्यांनी आपले उपरणे पसरले आणि त्याखाली बापूंचा डावा हात धरला. हत्ता उजव्याच हाताने होतो. सभोवतीच्या माणसांनी माना दुसरीकडे वळवल्या, जनावरांकडे पाहू लागले. कापड थोडे हलले. बापूंच्या कपाळावर घाम आला. त्यांनी काय दाबले आणि काकासाहेबांना काय कळले, हे त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. थोड्या वेळाने बापूंनी हात काढून घेतला.

“काकासाहेब, ह्या हाताला बोलता येत न्हाई.”

“शिकंल की बापू.”

“ह्या वयात न्हाई शिकत,” बापू म्हणाले. त्यांनी उपरण्याची घडी करायला घेतली. एका हाताने ती होईना, तेव्हा काकासाहेबांनी दुसरे टोक धरले.

टेम्पोने वस्तीवर परतल्यावर बापू खुर्चीत बसले, उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला आणि मला तो प्रश्न विचारला. ठोंबी आणि बुजरी, दोन्हींतली चांगली कोणती होती? चांगली असलेलीही आपण तेव्हा परत केली का? निवड चुकली असेल तर ती मान्य करायला ते तयार होते. दलालाची निवड कधीमधी चुकते, त्यात कमीपणा नसतो.

मी पुढे डॉक्टरांना विचारले. त्यांचे मत असे, की मुखवटा नीट बसला असता आणि वापर रात्रभर झाला असता तर बापूंच्या आजारात दोहोंपैकी कोणतेही यंत्र चालले असते. फरक सोयीचा होता, उपचाराचा नव्हता. हे मत मी शुभांगीला सांगितले. ते आपल्याला माहीत आहे, ती म्हणाली, आणि बापूंना सांगू नका. बापूंनी पुढच्या भेटीत पुन्हा विचारले. त्यानंतर विचारले नाही. त्यांना उत्तर मिळाले होते की त्यांनी प्रश्नच परत केला होता, हे मला सांगता येणार नाही.

दलालीचा परवाना दरवर्षी मार्चअखेर नवा करून घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ पासून घोडेगावच्या बाजारात पुंजाराम भागवत साळवे यांच्या नावाचा परवाना नाही.